चौदाव्या होलवर हललेला चेंडू

पत्रलेखिका वीस वर्षांची आहे आणि पुण्यात राहते. लष्करात असलेल्या मामांमुळे ती नवव्या वर्षी गोल्फकडे वळली आणि आज हौशी गटात देशपातळीवरच्या स्पर्धा खेळते. तिचा हँडिकॅप, म्हणजे चांगल्या दिवशी अपेक्षित फटक्यांपेक्षा लागणारे जादा फटके, दोनच्या आसपास आहे. सरावात तिचे फटके पाहायला लोक थांबतात. स्पर्धेत मात्र अठरापैकी पहिले दहा-अकरा होल उत्तम गेल्यावर कुठेतरी डबल बोगी होते, म्हणजे एका होलला अपेक्षेपेक्षा दोन फटके जास्त लागतात, आणि तिथून सगळी फेरी कोसळते. राग येतो, तो लपवण्यात शक्ती जाते आणि ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतालच्या आखूड गवतावरचे, लहान पट चुकू लागतात. वडील प्रत्येक स्पर्धेत सोबत चालतात आणि परतीच्या प्रवासात गाडीत एकेक फटका उकरून काढतात. प्रशिक्षकांच्या मते तिच्यात समोरच्याला चिरडण्याची ईर्षा नाही. मैत्रिणी म्हणतात, की खंबीर मन उपजतच असावे लागते. पत्राच्या अखेरच्या चार ओळींत ती लिहिते, की मागच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत, चौदाव्या होलवर, रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, चेंडूमागे क्लब टेकवताना चेंडू किंचित सरकला. सोबतच्या खेळाडू दूर होत्या. तिची पिशवी उचलणाऱ्या कॅडीने ते पाहिले, पण तो बोलला नाही आणि तीही बोलली नाही. एका फटक्याच्या फरकाने तिला तिसरे बक्षीस मिळाले. ‘चेंडू इंचभरही सरकला नव्हता, मला काही फायदाही झाला नाही,’ असे तिचे म्हणणे आहे. पण तेव्हापासून तीन फुटांच्या पटसमोरही तिचे हात थरथरतात. ती विचारते : माझे मन घडवता येईल का? आणि महिना उलटून गेल्यावर ती गोष्ट आता सांगण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही दोन प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत. पहिल्याला तुम्ही तीन पाने दिली आणि दुसऱ्याला चार ओळी. मला ते दोन्ही एकाच मुळाचे वाटतात, त्यामुळे या उत्तरात मी त्यांना एकमेकांपासून तोडणार नाही.

खंबीर मन उपजतच असते, हा समज आधी तपासू. अमेरिकेच्या बॉबी जोन्स यांचे नाव गोल्फमध्ये आज संयम आणि सभ्यता यांच्यासाठी घेतले जाते. १९३० साली त्यांनी ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतल्या खुल्या आणि हौशी अशा चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून ते निवृत्त झाले. पण १९२१ साली, म्हणजे तुमच्यापेक्षा एका वर्षाने लहान असताना, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू निघेना, तेव्हा त्यांनी खेळ तिथेच टाकून दिला. क्लब फेकणारा, स्वतःवर संतापणारा मुलगा, अशीच त्यांची तोवर ओळख होती. त्याच मैदानावर १९२७ साली त्यांनी ती स्पर्धा जिंकली आणि १९५८ साली त्या गावाने त्यांना मानाचे नागरिकत्व बहाल केले. मधल्या काळात त्यांचा ताण नाहीसा झाला, असे समजू नका. मोठ्या स्पर्धांच्या दिवसांत त्यांना अन्न जात नसे आणि वजन उतरत असे. बदलले ते वागणे, आणि वागणे बदलण्यासाठी वेगळा स्वभाव घेऊन जन्माला यावे लागत नाही.

याच काळात, १९२५ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे यूएस ओपनच्या पहिल्या फेरीत, रफमध्ये क्लब टेकवताना जोन्स यांचा चेंडू हलला. तो हलताना इतर कोणी पाहिला नव्हता. पंचांनी निर्णय त्यांच्यावरच सोपवला आणि त्यांनी स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेच्या शेवटी ते आणि विली मॅकफार्लेन दोघेही २९१ वर बरोबरीत राहिले आणि नंतरच्या ३६ होलच्या प्लेऑफमध्ये जोन्स एका फटक्याने हरले. तो दंड लावला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. लोकांनी प्रामाणिकपणाचे कौतुक केले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून कोणाचे कौतुक करतात का, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

ही हकीकत तुम्हाला लाजवण्यासाठी सांगितलेली नाही. सेंट अँड्र्यूजचा तो चिडलेला मुलगा आणि वूस्टरचा हा खेळाडू यांच्यात चारच वर्षांचे अंतर आहे, आणि त्या चार वर्षांत नेमके काय घडले असावे, याचा विचार तुम्ही करावा असे मला वाटते. गोल्फच्या नियमांचा पहिलाच पाठ असा आहे, की मैदान जसे मिळेल तसे खेळायचे आणि चेंडू जसा पडला असेल तसा मारायचा. उत्तम मारलेला चेंडू फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध कोणीतरी उकरलेल्या खळग्यात जाऊन बसतो, तेव्हा ‘असे व्हायला नको होते’ हे म्हणणे खरे असते, पण त्या म्हणण्याने चेंडू वर येत नाही. डबल बोगी झाल्यावर तुम्ही पुढच्या टीवर, म्हणजे पुढच्या होलच्या पहिल्या फटक्याच्या जागी, उभ्या असता, पण मनाने अजून मागच्या ग्रीनवर तो होल पुसायचा प्रयत्न करत असता. चौदाव्या होलवरही तुम्ही तेच केलेत : जे घडले ते घडलेच नाही, असे स्वतःला पटवून दिलेत. संतापाच्या क्षणी कोसळणे आणि दंड न सांगणे ही दोन वेगळी दुबळेपणाची लक्षणे नाहीत. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीकडे ती आहे तशी पाहण्याचे बळ दोन्ही वेळा कमी पडले, आणि हे बळ सवयीने वाढते.

आता त्या एका इंचाबद्दल. नियमांनुसार थांबलेला चेंडू आपली जागा सोडून दुसऱ्या जागी जाऊन थांबला आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसले, तर तो ‘हलला’. किती हलला आणि त्याने फायदा झाला का, या प्रश्नांना तिथे स्थान नाही. चेंडू डुलून पुन्हा मूळ जागीच स्थिरावला असता तर गोष्ट वेगळी होती. पण ‘सरकला’ हा शब्द तुम्हीच वापरला आहे. ग्रीनवर अपघाताने चेंडू हलला तर २०१९ पासूनच्या नियमांत दंड नाही, तो नुसता परत ठेवायचा असतो. रफमध्ये मात्र एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू मूळ जागी परत ठेवावा लागतो, आणि तो न ठेवता पुढचा फटका मारला तर दंड एकूण दोन फटक्यांचा होतो. म्हणजे तुम्ही सही केलेले फटक्यांचे कार्ड दोन फटक्यांनी कमी होते, आणि तुम्हाला तिसरे बक्षीस एका फटक्याने मिळाले होते. हा हिशेब तुम्ही मनात मांडलेला असणारच, म्हणून तो इथे स्पष्ट लिहिला. चौथ्या आलेल्या मुलीचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेही नाही. तिची बाजू मनात आणून पाहा, म्हणजे ‘मला फायदा झाला नाही’ हे वाक्य टिकणार नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली गप्प राहण्याची. या खेळात बहुतेक होलवर पंच नसतात आणि खेळाडूने आपला दंड आपणच लावायचा असतो, त्यामुळे बाहेरून तुम्हाला कोणी कधीच पकडणार नाही, हे खरे आहे. पण ज्या खेळात साक्षीदार तुम्हीच आहात, तिथे त्या साक्षीदाराला सोबत घेऊनच प्रत्येक पट मारावा लागतो. हात थरथरण्याचे कारण हेच आहे, असे निदान मी दुरून करू शकत नाही. ‘तेव्हापासून’ हा शब्द मात्र तुमचा आहे. दुसरी वाट प्रशिक्षकांना किंवा मैत्रिणीला सांगून मन हलके करण्याची. त्याने तुमचे मन हलके होईल, पण निकाल चुकीचाच राहील आणि तुमचे ओझे आणखी एका माणसाच्या डोक्यावर जाईल. तिसरी वाट स्पर्धा समितीला लेखी कळवण्याची, आणि माझा कौल तिला आहे.

या तिसऱ्या वाटेचे परिणाम काय होतील, तेही नीट समजून घ्या. दंड लागू होतो हे खेळाडूला ठाऊकच नव्हते, तर स्पर्धा संपल्यानंतर तो निकाल सहसा उघडला जात नाही. पण दंड ठाऊक असूनही तो कार्डात धरला नाही, तर स्पर्धा संपल्यानंतरही खेळाडूला बाद ठरवता येते आणि त्याला मुदत नसते. म्हणजे फक्त दोन फटके वाढवून निकाल बदलण्यावर हे थांबणार नाही. त्या स्पर्धेतली तुमची कामगिरी पुसली जाईल, आणि समितीला योग्य वाटले तर ती आणखी काही कारवाईही करू शकेल. काही लोक काही दिवस कुजबुजतील. सत्य सांगितले की लगेच गोड फळ मिळते, असे आश्वासन मी देणार नाही. इंग्लंडचे ब्रायन डेव्हिस २०१० साली अमेरिकेतल्या हिल्टन हेडच्या स्पर्धेत जिम फ्युरिक यांच्याविरुद्ध प्लेऑफ खेळत होते. क्लब मागे नेताना तो एका सुट्या वाळक्या काडीला लागला. त्यांनी स्वतःच पंचांना बोलावले, दोन फटक्यांचा दंड घेतला आणि सामना तिथेच संपला. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत त्यांना त्याआधी विजय मिळाला नव्हता आणि त्यानंतरही मिळाला नाही. तरीही गोल्फ खेळणारी माणसे त्यांचे नाव आदराने घेतात. किंमत मोजावी लागते, आणि ती खरी असते, हे माहीत असूनच हा निर्णय घ्या.

पत्र लहान ठेवा. कोणती फेरी, कोणता होल, काय घडले, तुम्ही काय करायला हवे होते आणि काय केले, एवढेच लिहा. ताण, वडिलांच्या अपेक्षा, गवताची लांबी यांपैकी काहीही त्यात आणू नका. बक्षीस परत करण्याची तयारी त्याच पत्रात कळवा. कॅडीने पाहिले होते, हे स्वतःहून लिहिण्याचे कारण नाही, कारण दंडाची जबाबदारी खेळाडूची असते. समितीने विचारलेच तर खरे सांगा. पण त्या कॅडीदादांशी प्रत्यक्ष बोला, आणि पत्र पाठवण्याआधी बोला. रोजच्या कामासाठी खेळाडूंच्या मर्जीवर अवलंबून असलेला माणूस अशा वेळी गप्प राहिला, यात त्याचा दोष मानू नका. ‘यापुढे माझा चेंडू हललेला दिसला तर तिथल्या तिथे सांगा, मी रागावणार नाही,’ असे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा आणि तसेच वागा. वडिलांनाही आधी सांगा, पण परवानगी मागण्यासाठी नव्हे. तुम्ही सज्ञान आहात आणि कार्डावर सही तुमची होती.

आता फेरी कोसळण्याविषयी. इथे मी तुम्हाला एक अगदी साधा प्रश्न विचारतो : स्पर्धेच्या दिवशी तुम्ही काय खाता आणि कधी? साडेसातचा टी-टाइम, म्हणजे फेरी सुरू करण्याची वेळ, असेल, तुम्ही पहाटे साडेपाचला चहा-बिस्किटांवर घर सोडले असेल आणि पोटात भीती असल्याने त्यापुढे काही गेले नसेल, तर अकराव्या-बाराव्या होलपर्यंत तुम्ही उन्हात चार-पाच किलोमीटर चाललेल्या असता आणि अंगातली ताकद संपत आलेली असते. पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत तर हे फारच लवकर घडते. जे तुम्हाला मनाचे दुबळेपण वाटते, त्यात काही भाग भुकेचा आणि पाण्याच्या कमतरतेचा असू शकतो. दर तीन होलनंतर केळे, खजूर, चिक्की असे थोडे काहीतरी खा आणि तहान लागण्याआधी पाणी प्या. मनावर उपचार करण्याआधी एवढे करून पाहण्यात काहीच तोटा नाही.

दुसरी गोष्ट एकाग्रतेची. ‘पूर्ण फेरीभर एकाग्र राहता येत नाही,’ अशी तुमची तक्रार आहे. पूर्ण फेरीभर एकाग्र राहायला तुम्हाला सांगितले कोणी? नियमांची शिफारस अशी आहे, की पाळी आल्यावर खेळाडूने ४० सेकंदांच्या आत फटका मारावा. पंचाहत्तर फटक्यांची फेरी धरली, तर हे सगळे मिळून ५० मिनिटे होतात. मैदानावर तुम्ही साडेचार तास असता. उरलेले साडेतीन-पावणेचार तास मन ताणून धरले, तर तेराव्या होलवर ते तुटणारच. चालताना झाडे पाहा, कॅडीदादांशी त्यांच्या गावच्या गप्पा मारा, सोबतच्या मुलीच्या चांगल्या फटक्याला मनापासून दाद द्या. चेंडूपासून पंधरा-वीस पावलांवर आलात, की मात्र काम सुरू करा. चेंडूच्या मागे उभे राहून अंतर, वारा, चेंडूखालचे गवत आणि क्लब हे सगळे ठरवा. चेंडू कोणत्या रेषेने जाऊन कुठे पडणार, हे डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेचे महान गोल्फपटू जॅक निकलस सांगत, की फटक्याचे स्पष्ट चित्र डोळ्यांपुढे आल्याशिवाय त्यांनी सरावातही फटका मारला नाही. मग पुढे व्हा आणि मारा. चेंडूजवळ उभे राहिल्यावर क्लबबद्दल शंका आली, तर मागे या आणि पुन्हा सुरुवात करा. बहुतेक वाईट फटके हात चुकल्याने नाही, तर निर्णय अर्धवट असताना हात चालवल्याने होतात, असे माझे ठाम मत आहे.

रागाचे काय करायचे? तो दाबू नका. तुमच्या पत्रावरून दिसते, की राग येण्यापेक्षा तो वडिलांना दिसू न देण्यात तुमची जास्त शक्ती जाते. रागाला एक हद्द आखून द्या. क्लब पुसून पिशवीत जाईपर्यंत राग तुमचा. त्या वेळेत मनात हवे ते म्हणा. क्लब पिशवीत गेला, की एक लांब श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावा, आणि चालायला लागा. पहिल्या काही फेऱ्यांत हे जमणार नाही. राग पिशवीतून बाहेर येऊन तुमच्यासोबत चालू लागेल. पुढच्या फटक्यानंतर पुन्हा तेच करा.

वाईट फटक्यानंतरचा फटका हाच खरा परीक्षेचा असतो. १९९९ साली कार्नुस्टी इथल्या ब्रिटिश ओपनमध्ये फ्रान्सचे जाँ व्हान द वेल्द शेवटच्या होलच्या टीवर उभे होते. पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेला, होल होता आणि सहा फटके लागले तरी ते जिंकणार होते. टीवरचा फटका भरकटला, तरी चेंडू वाचला. तिथून चेंडू थोडक्यात पुढे काढून ग्रीनसमोरच्या ओढ्याच्या अलीकडे ठेवता आला असता. त्यांनी थेट ग्रीनचा वेध घेतला. चेंडू प्रेक्षकांच्या मांडवावर आदळून मागे दाट गवतात आला, तिथून पाण्यात गेला, आणि सात फटक्यांनंतर ते प्लेऑफमध्ये पोहोचले. ती स्पर्धा पॉल लॉरी यांनी जिंकली. शेवटी त्या माणसाने मोठ्या धैर्याने एक अवघड पट आत घातला, हे लोक विसरतात. धैर्य त्यांच्याकडे भरपूर होते. कमी पडला तो निवांतपणे विचारण्याचा एक प्रश्न : आता इथून, या गवतातून, सर्वांत वाईट काय होऊ शकते आणि ते मला परवडेल का? डबल बोगीनंतर तुम्ही गेलेले फटके पुढच्याच होलवर वसूल करायला जात असाल, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर एक नियम स्वतःला घालून घ्या : डबल बोगीनंतरच्या होलवर ग्रीनच्या मधल्या भागाखेरीज कशाचाही नेम धरायचा नाही.

आणि डबल बोगी म्हणजे फेरी संपली, हा समज सोडा. उत्तर आयर्लंडच्या रोरी मॅक्लरॉय यांनी २०११ साली मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत चार फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी ८० फटके मारले आणि दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट २०२५ सालची आहे. त्या वर्षी त्यांनी मास्टर्स जिंकली तेव्हा चार दिवसांत त्यांच्या चार डबल बोगी झाल्या होत्या, त्यांपैकी एक अंतिम फेरीच्या पहिल्याच होलवर. अठराव्या होलवर विजयाचा लहानसा पट चुकला, आणि काही मिनिटांनी त्याच होलवर प्लेऑफमध्ये जस्टिन रोझ यांच्यासमोर त्यांनी बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घेतला. चुका झाल्याच नाहीत म्हणून ते जिंकले नाहीत.

प्रशिक्षकांच्या ‘ईर्षे’बद्दल मला आदरपूर्वक वेगळे मत मांडायचे आहे. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, समोरच्या खेळाडूला तुम्ही स्पर्शही करू शकत नाही. तिचा चेंडू तिचा, तुमचा तुमचा. तिला चिरडण्याचा विचार तुमच्या ४० सेकंदांत नेमके कोणते काम करणार आहे? निकलस यांच्याइतक्या मोठ्या स्पर्धा कोणी जिंकल्या नाहीत, त्यांची १८ मेजर विजेतेपदे आहेत. पण त्याच मेजर स्पर्धांत ते १९ वेळा दुसरे आले. १९६९ साली रॉयल बर्कडेलला अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या रायडर कपमध्ये शेवटच्या होलवर त्यांनी ब्रिटनच्या टोनी जॅकलिन यांचा लहान पट न मारताच मान्य केला आणि स्पर्धा १६-१६ अशी बरोबरीत सुटली. त्यांच्या स्वतःच्या कर्णधाराला ते रुचले नव्हते. तो मॅच प्ले, म्हणजे एकेक होल जिंकण्या-हरण्याचा सामना, होता, तुमच्या खेळात पट असे सोडून देता येत नाहीत. पण जिंकण्याची तीव्र इच्छा आणि समोरच्याविषयी सद्भाव एकाच माणसात राहू शकतात, एवढे यातून नक्की दिसते. प्रशिक्षकांना कदाचित म्हणायचे असेल, की तुम्ही निर्णयावर ठाम राहत नाही. तसे असेल तर ते बरोबर आहे, आणि त्यावरचा उपाय वर आलाच आहे.

वडिलांविषयी. त्यांनी पैसा, सुट्ट्या आणि झोप घातली आहे, आणि ते ओझे तुम्ही प्रत्येक टीवर वाहता. त्यांनी मैदानावर येऊच नये, असे मी म्हणणार नाही. बंगळुरूच्या अदिती अशोक २०१६ साली रिओ ऑलिंपिकला खेळल्या तेव्हा त्यांची पिशवी वडिलांनी उचलली होती आणि टोकियोला आईने. टोकियोत लांब फटके मारणाऱ्या खेळाडूंच्या गर्दीत, पटिंगच्या बळावर, त्या तीन फेऱ्यांनंतर दुसऱ्या होत्या आणि शेवटी एका फटक्याच्या फरकाने चौथ्या आल्या. पालक जवळ असण्यात अडचण नसते. अडचण गाडीतल्या उलटतपासणीत असते. वडिलांशी एक करार करा : फेरी संपल्यावर त्या रात्रीपर्यंत खेळाचा विषय नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःहून काढाल तेव्हाच. हे सदर वाचणाऱ्या इतर आईवडिलांनाही माझी हीच विनंती आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला गाडीत ‘तो पट कसा चुकला?’ असे विचारले, की त्याला खरे उत्तर ठाऊक नसते, आणि मग ते काहीतरी उत्तर रचायला शिकते. आपली चूक घरात निर्धास्तपणे सांगता येत नसेल, तर मैदानावर चारचौघांत ती सांगण्याची हिंमत मुलांकडे कुठून येणार?

वडिलांना दाखवायला वेगळे कार्ड ठेवा. प्रत्येक फटक्यासाठी त्यावर एकच खूण असेल : मारण्याआधी निर्णय पक्का होता की नव्हता. फटका कुठे गेला, हे त्यात लिहायचे नाही. दोन महिने हेच कार्ड तुमच्या प्रगतीचे माप असू द्या.

सरावही बदलावा लागेल. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मोकळ्या पट्ट्यावर, एकाच क्लबने एकाच दिशेला पन्नास चेंडू मारले, की पंधराव्या चेंडूनंतर सगळे सुंदर जातात, आणि स्पर्धेत ते सौंदर्य कामाला येत नाही, कारण तिथे प्रत्येक चेंडू पहिलाच असतो. दर चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदला आणि पूर्ण तयारीनिशी मारा. तीन फुटांचे सलग दहा पट आत घाला. एक चुकला की पुन्हा एकपासून. हे थकलेल्या अवस्थेत, सरावाच्या शेवटी आणि शक्यतो कोणी पाहत असताना करा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरावाच्या फेरीतही ‘राहू दे, आत गेलाच’ म्हणून सोडलेले पट घेऊ नका, दुसरा चेंडू टाकून पहिला विसरू नका, आणि चेंडू हलला तर मोठ्याने सांगा. ताणाच्या क्षणी माणूस विचार करून प्रामाणिक राहत नाही. ज्याची सवय असेल तेच तोंडून निघते. ती सवय आठवड्याच्या साध्या फेऱ्यांत लागते.

ध्यानाविषयीही तुम्ही विचारले आहे. ज्यांचा जन्म पुण्यातलाच, ते गोल्फपटू अनिर्बान लाहिरी विपश्यना करतात आणि त्याविषयी जाहीरपणे बोललेही आहेत. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ते संयुक्त पाचवे आले होते. इगतपुरीचे दहा दिवसांचे शिबिर तुमच्यापासून फार लांब नाही. जायचे असेल तर स्पर्धा नसलेल्या काळात जा आणि स्कोअर सुधारण्याची अपेक्षा घेऊन जाऊ नका. तोवर रोज दहा मिनिटे श्वासाकडे पाहत शांत बसणे पुरेसे आहे. समितीला पत्र लिहूनही हात थरथरणे थांबले नाही, किंवा झोप उडालेलीच राहिली, तर क्रीडा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. गुडघा दुखल्यावर जितक्या सहज डॉक्टरांकडे जाल, तितक्याच सहज जा.

जूनमधल्या स्पर्धेत नाव द्यायचे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. द्या, पण क्रम पाळा. आधी कॅडीदादा, मग वडील, मग समितीला पत्र आणि त्यासोबत बक्षीस. समितीचे उत्तर आले, की ते काहीही असो, त्यानंतर प्रवेशअर्ज भरा. उत्तर यायला वेळ लागला आणि त्यात जूनची मुदत गेली, तर जाऊ द्या; पावसाळ्यानंतरच्या स्पर्धांसाठी तयारीला तेवढे महिने जास्त मिळतील.